एका बोटानं उघडेल असं दार

मंगळवारी सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी मिस्त्री न्हाणीच्या दारापुढे पालथे पडलेले होते. डावा गाल जमिनीला टेकलेला, उजव्या हातात बारीक कानस, तोंडात धरलेली छोटी बॅटरी. दाराच्या तळाशी अॅल्युमिनियमची एक खोबण आहे, जेमतेम बोटभर रुंद. वरच्या रुळावर दोन चाकांना टांगलेली दुधी प्लास्टिकची झडप या खोबणीतून सरकायला हवी. ती बंद व्हायची तेव्हा आपोआप व्हायची, कोणी हात लावला नाही तरी. उघडताना मात्र खालचा कोपरा रुतून बसायचा आणि दोन्ही हातांनी हिसडा दिल्याशिवाय सुटायचा नाही. मिस्त्रींच्या डाव्या कानात ऐकण्याचं यंत्र असतं. गाल जमिनीला लागला की ते शिट्टी मारतं, म्हणून त्यांनी ते काढून शर्टाच्या खिशात टाकलं होतं. उजव्या कानानं त्यांना अनेक वर्षांपासून काहीच ऐकू येत नाही.

दुपारी चारला त्यांची मुलगी येणार होती. तोवर हे दार आतून एका बोटानं उघडलं नाही, तर ती आईला कायमची घेऊन जाणार होती. बाबांना सोबत नेण्याचा प्रश्न नव्हता. तिच्या दोन खोल्यांत एकाच पलंगाची जागा निघत होती, तीसुद्धा मुलांच्या खोलीतलं कपाट बाहेर काढून.

मिस्त्री अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि ज्या घरात ते राहतात त्याला चाकं आहेत. गाडीच्या मागे जोडून कुठेही न्यायचा ट्रेलर. लांबी बावीस फूट, रुंदी आठ. एका टोकाला पलंग, दुसऱ्या टोकाला घडीचं टेबल आणि दोन बाकं, मधे शेगडी, सिंक, लहान फ्रिज आणि अडीच फूट चौरसाची न्हाणी. टेबलावरून उठून न्हाणीच्या दाराला हात लावायला चार पावलं पुरतात. एका मोठ्या वीज प्रकल्पाच्या कामगारांसाठी कधीकाळी सपाट केलेल्या माळावर असे एकतीस ट्रेलर उभे आहेत. प्रकल्प संपला, कामगार गेले. उरले ते ज्यांची दुसरीकडे कोणी वाट बघत नव्हतं ते. मिस्त्रींचा ट्रेलर चौदा नंबरचा.

त्यांनी एक्केचाळीस वर्षं इमारतींना दारं बसवली. पायऱ्यांवरून झडपा वाहायच्या, बिजागऱ्या ठोकायच्या, रंधा मारायचा, दार लावून बघायचं, परत काढायचं. पहिल्या मुकादमानं त्यांना एकच गोष्ट शिकवली होती: चौकट गवंड्यानं बसवलेली असते, तिच्या नादाला लागायचं नाही, काय कमी-जास्त करायचं ते दाराला करायचं. मिस्त्रींनी हे इतकं मनावर घेतलं की ठेकेदार त्यांना वाकडी चौकट मुद्दाम द्यायचे आणि ते दोन तासांत तिला शोभेल असं वाकडं दार करून द्यायचे. बंद खोल्यांत चालणाऱ्या यांत्रिक करवतीनं त्यांचे कान त्याच वर्षांत घालवले. तेव्हा कानात कापसाचा बोळा घालणाऱ्याला बाकीचे सुतार नवरी म्हणायचे.

पत्नीला माळावर सगळे वहिनी म्हणतात. शर्टाच्या कारखान्यात त्या सव्वीस वर्षं कॉलर तपासायच्या. हॉलला खिडकी नव्हती. ट्रेलर घ्यायचा हट्ट त्यांचाच. रोज उठल्यावर खिडकीत काहीतरी वेगळं दिसलं पाहिजे, एवढीच त्यांची अट. मिस्त्री निवृत्त झाल्यावर दोघं निघाले आणि अकरा आठवडे हिंडले. बाराव्या आठवड्यात एका पेट्रोल पंपाच्या मागे सकाळी चहा पिताना वहिनींच्या डाव्या हातातून कप सुटला. त्यांना कळलंच नाही की सुटला. पक्षाघाताचा झटका होता. पाच आठवडे रुग्णालयात गेले. मग एका ओळखीच्या गाडीवाल्यानं ट्रेलर ओढून या माळावर आणला आणि तो तिथेच राहिला. याला सहा वर्षं झाली. चाकांतली हवा गेली, रबर जमिनीवर चपटं झालं. खिडकीतून शेजाऱ्याचा गॅसचा सिलिंडर दिसतो. वहिनी म्हणतात, महिन्यातून एकदा तोही बदलतो, अगदीच काही नाही असं नाही.

एकोणीस दिवसांपूर्वी त्या न्हाणीत अडकल्या. डावा हात उपयोगाचा नाही, उजव्या एका हाताला हिसडा बसेना. एक तास पन्नास मिनिटं त्या आत होत्या. गरम पाणी पहिल्या दहा मिनिटांत संपलं. सुटका झाली तेव्हा त्यांचे ओठ काळेनिळे पडले होते आणि उजव्या हाताची बोटं सुजली होती. मिस्त्रींनी मुलीला फोनवर सांगितलं की आपण माळाच्या फाटकावरच्या रखवालदाराची शिडी परत करायला गेलो होतो, तिथे त्यानं बोलत बसवलं.

मुलगी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. दिवसाला साठ माणसांच्या शिरा शोधते. तिनं आरडाओरडा केला नाही. कपाट काढायला दोन आठवडे लागतील, मग येते, असं म्हणाली. तेव्हा वहिनींनी फोन स्वतःकडे घेतला.

"मला त्या दारानं कोंडलं, तुझ्या बापानं नाही," त्या म्हणाल्या. "ते दार माझ्या या हाताच्या एका बोटानं आतून उघडलं, तर मी इथून हलणार नाही. नाही उघडलं, तर तू म्हणशील तिथे येते आणि पुन्हा या घराचं नाव काढत नाही."

मुलगी ठीक आहे म्हणाली.

दार काढून पडदा लावा, असं शेजारच्या ड्रायव्हरनं लगेच सुचवलं होतं. पाच मिनिटांचं काम. वहिनींनी ते उडवून लावलं. रुग्णालयातले पाच आठवडे त्यांना पडद्याआड कोणीतरी परकं माणूस अंघोळ घालायचं, आणि पडदा पुरता ओढायची सवय तिथे कोणालाच नव्हती. पडदा लावायचा तर मी बादली घेऊन पलंगावर बसते, तेवढंच, असं त्या म्हणाल्या. एकोणीस दिवस त्या तेच करत होत्या. ओल्या फडक्यानं अंग पुसायचं, मिस्त्रींनी पाठीवरून फडकं फिरवायचं आणि दोघांनी त्याबद्दल काही बोलायचं नाही.

या एकोणीस दिवसांत मिस्त्रींनी वरची दोन्ही चाकं बदलली. ती मागवून यायला आठ दिवस गेले. मग झडपेची खालची कड कानशीनं घासली. दार दोन दिवस लोण्यासारखं चाललं आणि तिसऱ्या दिवशी रुतलं. पुन्हा घासली, पुन्हा रुतलं. हे त्यांना नवीन नव्हतं. गेल्या वर्षी एकदा आणि त्याच्या आदल्या वर्षी एकदा त्यांनी हेच केलं होतं. दार अडकतंय म्हणजे दार जास्त झालंय. एक्केचाळीस वर्षांत याला अपवाद झालेला नव्हता.

आठच्या सुमाराला ड्रायव्हर काडेपेटी मागायला आला. लांब पल्ल्याचे ट्रक तीस वर्षं हाकून आता एकटाच राहणारा माणूस. मिस्त्री अजून पालथेच होते.

"काय मिस्त्री, दाराच्या पाया पडून काही फरक पडतोय का?"

मिस्त्रींना ऐकू गेलं नाही. वहिनींनी उजव्या हातानं त्याच्यापुढे चहाचा ग्लास सरकवला. ड्रायव्हरनं तो उचलला नाही. काचेच्या ग्लासात चहा एका बाजूला काठाला भिडला होता आणि दुसऱ्या बाजूला बारीक रेघभर खाली होता.

"वहिनी, तुमचा चहा न्हाणीकडे निघालाय."

"चहा आत्ता निघाला असेल," वहिनी म्हणाल्या. "कांदे दोन वर्षांपूर्वीच गेले."

ड्रायव्हर हसला आणि मग हसायचा थांबला. भरलेला ट्रक एका अंगाला कलला की काय होतं ते त्याला माहीत होतं. त्यानं मिस्त्रींच्या पोटरीवर टिचकी मारली, त्यांना उठवलं आणि खिशाकडे बोट दाखवलं. मिस्त्रींनी यंत्र कानात घातलं. वहिनींनी टोपलीतला एक कांदा घेऊन टेबलाच्या मध्यावर ठेवला. कांदा क्षणभर विचार केल्यासारखा थांबला, मग निघाला, कडेवरून खाली पडला, चिंचोळ्या वाटेतून घरंगळत गेला आणि न्हाणीच्या पायरीला टेकला.

"हे कधीपासून?" मिस्त्रींनी विचारलं.

"दोन वर्षं सांगतेय."

"मला नाही सांगितलंस."

"सांगितलं. तुम्ही बघतो म्हणालात."

'बघतो' हा त्यांचा शब्द माळावर सगळ्यांना माहीत आहे. ऐकू आलं नाही की ते मान हलवतात आणि बघतो म्हणतात. समोरच्याला दुसऱ्यांदा बोलायला लावणं त्यांच्या जिवावर येतं. बहुतेक वेळा निभावून जातं, कारण बहुतेक माणसं ज्या गोष्टी बोलतात त्यांना बघतो हे उत्तर चालतं.

त्यांनी हत्यारांच्या पेटीच्या तळातून पाणसळ काढली. दोन फुटी, पिवळी, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. ट्रेलर माळावर आणला त्या दिवशी ती वापरली होती, त्यानंतर नाही. जमिनीवर आडवी ठेवल्यावर बुडबुडा नळीच्या टोकाला जाऊन चिकटला. न्हाणीच्या चौकटीला उभी लावली, तर चौकट वरून खाली पाऊण इंच बाहेर झुकलेली. मिस्त्रींनी पाणसळ उलटी करून पुन्हा लावली, कारण पाणसळही कधी खोटी निघते. ती खरी होती.

ते ट्रेलरखाली शिरले तेव्हा नऊ वाजले होते. चार कोपऱ्यांना चार लोखंडी पाय आहेत, प्रत्येकाखाली लाकडी ठोकळा. तीन ठोकळे कोरडे होते. न्हाणीखालचा चौथा चिखलात गडप झाला होता आणि त्याच्यामागोमाग पाय चार बोटं खाली गेला होता. माळावर इतरत्र माती भेगाळलेली असताना एवढीच जागा काळी आणि ओली होती. वर बघितलं, तर ट्रेलरच्या तळाच्या प्लायला फुगवटे आलेले. मिस्त्रींनी अंगठा टेकवला. अंगठा नखापर्यंत आत गेला.

हे सगळं कशानं झालं ते समजायला त्यांना फार वेळ लागला नाही. तरी ते बराच वेळ खालीच पडून राहिले. शेवटी ड्रायव्हरनं वाकून विचारलं की झोप लागली का.

काम असं झालं. ड्रायव्हरनं आपला ट्रकचा जॅक आणला. ओल्या मातीवर त्यांनी आधी लोखंडी पत्रा आणि त्यावर जाड फळी टाकली, फळीवर जॅक ठेवला आणि पाव-पाव इंचानं कोपरा उचलायला सुरुवात केली. दर वेळी मिस्त्री बाहेर येऊन, ट्रेलरच्या दारापुढच्या शिडीच्या दोन पायऱ्या चढून आत पाणसळ बघायचे आणि पुन्हा खाली जायचे. एकदम उचललं तर खिडकीची काच तडकते. वहिनी आत बसून बुडबुडा कुठे आहे ते ओरडून सांगत होत्या आणि ड्रायव्हर ते हातवारे करून मिस्त्रींना पोचवत होता. सव्वाबाराला बुडबुडा दोन रेघांच्या मधे आला. कुजलेल्या प्लायखाली मिस्त्रींनी दोन आडव्या पट्ट्या मारल्या आणि पायाखाली नवा ठोकळा सारला, मग बाहेर येऊन यंत्र कानात घातलं.

"सहा महिने जातील," ड्रायव्हर म्हणाला.

"चार," मिस्त्री म्हणाले.

मग ते आत आले आणि झडपेला बोट लावलं. ती सरळ गेली, टोकाला हलकेच लागली, तशीच परत आली. मधे सोडली तर मधेच राहिली. मिस्त्रींनी खाली पाहिलं. चौकट आता सरळ होती, म्हणून झडपेची खालची कड कशी आहे ते पहिल्यांदाच दिसत होतं. एका टोकाला ती खोबणीत नीट बसली होती आणि दुसऱ्या टोकाला खोबणीच्याही वर अंगठाभर उघडी फट होती. मधे तिरकी, अगदी सफाईदार रेघ. अशी सफाई दुसऱ्या कोणाला जमली नसती. दोन वर्षांपूर्वी घर जरासं कललं तेव्हा त्यांनी दार घासलं. त्या फटीतून न्हाणीचं पाणी बाहेर पाझरून तळाच्या प्लायमधे गेलं, तिथून मातीत, आणि पाय आणखी खचला. दार पुन्हा अडलं, त्यांनी ते पुन्हा घासलं.

"चौकटीला कधी हातच लावला नाही मी," ते ड्रायव्हरला म्हणाले. ड्रायव्हर म्हणाला की रस्ता वाकडा आहे हे ध्यानात यायच्या आधी त्यानंही एकदा चार टायर बदलले होते. बरं वाटावं म्हणून तो बोलला. मिस्त्रींना बरं वाटलं नाही.

फटीला त्यांनी रबराची पट्टी लावली, टोकं सिलिकॉननं बंद केली. शर्ट आणि बनियन चिखलानं माखले होते, ते काढून बाहेर बादलीत भिजत घातले. खिशातल्या वस्तू काढून शेगडीजवळ ठेवल्या. पट्टी लावायला पालथं पडताना यंत्र पुन्हा खिशात गेलं होतं. तेही तिथेच ठेवलं. तीन वाजता दार तयार होतं.

वहिनी कपड्यांसकट न्हाणीत गेल्या. झडप ओढून घेतली, उजव्या हाताची तर्जनी लावली आणि दार उघडलं. पुन्हा बंद केलं, करंगळीनं उघडलं. तिसऱ्यांदा त्यांनी दार बंद केलं आणि लगेच उघडलं नाही. आतून काहीतरी म्हणाल्या. मिस्त्री बाहेर पाणसळ हातात धरून उभे होते. आतून पुन्हा तेच आलं, जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा आणखी मोठ्यानं. ड्रायव्हर मिस्त्रींकडे बघत होता. तो आपल्याकडे का बघतोय हे न कळून मिस्त्रींनी मान हलवली आणि म्हणाले, "बघतो."

ड्रायव्हर काहीतरी काम आठवल्याचं पुटपुटून आपला जॅक घेऊन गेला.

झडप सरकली. वहिनी आत उभ्या होत्या. त्यांनी शेगडीजवळचं यंत्र दाखवलं, मिस्त्रींनी ते कानात घालेपर्यंत थांबल्या आणि मग म्हणाल्या, "टॉवेल मागत होते. तीन वेळा."

"आता देतो."

"नकोय मला टॉवेल. बसा इथे."

दोघं बाकांवर समोरासमोर बसले. वहिनींनी आवाज चढवला नाही. त्यांनी सांगितलं की ते दुधी प्लास्टिक असं आहे की त्यातून माणसाचा चेहरा दिसत नाही, पण रंग दिसतो. त्या दिवशी मिस्त्रींनी निळा शर्ट घातला होता. आतून तो निळा रंग त्यांना पूर्ण एक तास पन्नास मिनिटं दिसत होता, टेबलापाशी, एकाच जागी. मधूनमधून थोडा हलायचा. त्यांनी साबणाच्या डबीनं झडप ठोकली, हाका मारल्या, शेवटी शेवटी शिव्याही दिल्या. निळा रंग तिथेच होता.

करवतीला धार लावत होतो, असं मिस्त्री म्हणाले. कानशीचा आवाज यंत्रातून दाभण टोचल्यासारखा येतो, म्हणून ते काढून ठेवलं होतं. हे सगळं वहिनींना माहीतच होतं. त्या दिवशी दार कसं उघडलं हेही माहीत होतं. मिस्त्रींना तलफ आली, त्यांनी मागे न बघता पलंगाच्या दिशेनं विचारलं, "चहा ठेवतेस का?" उत्तर ऐकू येणार नाही म्हणून वळून पाहिलं आणि पलंग रिकामा दिसला.

"पोरीला नाही सांगितलं मी," वहिनी म्हणाल्या. "सांगणारही नाही. दार उघडलं. मी शब्द दिलाय, मी राहते."

"मग मला कशाला सांगितलंस?"

"एकटीला जड होत होतं ते."

मुलगी दहा मिनिटं आधीच आली. गाडी फाटकाबाहेर ठेवून चालत आली, कामावरचा पांढरा कोट अजून अंगावर होता. तिनं आधी आईच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून तपासली, मग पायांची सूज. मग न्हाणीत गेली, दार लावलं आणि एका बोटानं उघडलं. तिनं खाली वाकून रबराची पट्टी पाहिली, ट्रेलरखालीही डोकावून आली. कुजलेल्या प्लायबद्दल विचारलं. मिस्त्रींनी खरं तेच सांगितलं: चार महिने. तोवर नवा तळ बसवीन. ती आपल्या बापाला ओळखते. चार महिने म्हणाले म्हणजे चार महिने, आणि तळ बसवणार म्हणजे बसवणार.

"ठीक आहे, बाबा," ती म्हणाली. थकलेली दिसत होती आणि थोडी सुटल्यासारखीही. "बोलल्याप्रमाणे झालं. कपाट परत आत ठेवते."

आई हसली. म्हणाली, दोन आठवडे तुझ्या नवऱ्यानं हमाली केली, त्याला तेवढाच व्यायाम. मुलगीही हसली. तिनं पाणी मागितलं, ग्लास हातात घेतला.

"मी घरीच होतो," मिस्त्री म्हणाले.

दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी. शिडीबिडी काही नाही. इथे बसलो होतो, याच बाकावर. तिनं हाका मारल्या, मला ऐकू आल्या नाहीत."

मुलीनं ग्लास खाली ठेवला. रुग्णाला विचारतात तसे तिनं प्रश्न विचारले, एकापाठोपाठ एक. किती वेळ. यंत्र कुठे होतं. दिवसातून किती वेळ ते काढलेलं असतं. रात्री असतं का. मिस्त्रींनी प्रत्येकाचं उत्तर दिलं. रात्री नसतं. काम करताना नसतं. टेकून बसलं तरी शिट्टी मारतं, तेव्हाही नसतं. आज सकाळपासून किती वेळ होतं, हा शेवटचा प्रश्न. मिस्त्रींनी मनात मोजलं आणि सांगितलं, दोन-अडीच तास. मुलीनं बोटं मिटली, उघडली. मग आईकडे वळून विचारलं, तुला ठाऊक होतं?

वहिनी मिस्त्रींकडेच बघत होत्या. "तुम्हाला कोणी विचारलं होतं का?" त्या म्हणाल्या. "झालं होतं ना सगळं? कोणी विचारलं होतं?"

मिस्त्रींनी मान हलवली नाही, बघतो म्हणाले नाहीत. या वेळी त्यांना ऐकू आलं होतं.

पुढे वाद झाला नाही. वहिनींनी एकदा नाही म्हणून पाहिलं, शब्दाचा दाखला दिला. मुलगी म्हणाली की शब्द दाराबद्दल होता आणि दार चांगलंच झालंय. उद्या तू पलंगावरून पडलीस तर बाबांना कसं कळणार, एवढं मला सांग. मिस्त्रींनी वरच्या कप्प्यातून बॅग काढली. कपडे त्यांनीच भरले, कारण वहिनींना एका हातानं घड्या घालता येत नाहीत: गाऊन, दोन स्वेटर, औषधांचा डबा, चष्म्याचं घर, डाव्या हाताचा व्यायामाचा रबरी चेंडू. वहिनींनी एकदाच मधे तोंड उघडलं, ते स्वेटरची बाही उलटी राहिली हे सांगायला. सव्वीस वर्षांची नजर होती. मिस्त्रींनी बाही सुलटी केली.

निघण्यापूर्वी वहिनींनी अंघोळ केली. एकोणीस दिवसांनी पहिली. मुलगी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी राहिली. मिस्त्रींना तिनं बाहेर बसायला सांगितलं, ते शिडीच्या पायरीवर बसले. आत पाणी वीस मिनिटं चाललं. नव्या ठोकळ्याखालची माती मिस्त्री अधूनमधून वाकून बघत होते. ती कोरडी राहिली.

फाटकापर्यंत तिघं हळूहळू गेले. वहिनींचा डावा पाय घासत चालतो, त्या मुलीच्या खांद्यावर भार टाकून होत्या. बॅग मिस्त्रींकडे होती. वाटेत ड्रायव्हर आपल्या दारात उभा होता. त्यानं वहिनींना विचारलं की परत कधी येणार. वहिनी म्हणाल्या, यांना विचारा, आजकाल हेच सगळं बोलतात. गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली घेतली आणि मिस्त्रींना जवळ बोलावून दोन वाक्यं सांगितली. गाडीचं इंजिन चालू होतं. मिस्त्रींनी वाकून कान पुढे केला, यंत्रावर हात ठेवला आणि म्हणाले, "परत सांग." वहिनींनी परत सांगितलं. फ्रिजमधलं दूध आजच संपवायचं आणि टोपलीतल्या तळाच्या कांद्यांना मोड आलेत, ते आधी वापरायचे.

गाडी गेली तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. रखवालदारानं फाटक लावून घेतलं आणि केबिनमधली वही काढली. चौदा नंबरला किती माणसं, असं त्यानं विचारलं. ते त्याला दिसत होतं, पण विचारावं लागतं. मिस्त्रींनी सांगितलं. रखवालदारानं दोनच्या आकड्यावर काट मारली आणि शेजारी एक लिहिला.

उद्या बुधवार. बुधवारी सकाळी सात वाजता माळावर पाण्याचा टँकर येतो आणि वहीत लिहिलेल्या संख्येप्रमाणे, माणशी दीडशे लिटर, आठवड्याचं पाणी देतो. चौदा नंबरच्या टाकीत उद्या दीडशे लिटर पडेल.